साठ वर्षांचा संसार आणि दोन ओळींची नोंद



नोव्हेंबर महिना आपण मृतांच्या स्मरणासाठी पाळतो. ज्यांच्यासाठी मिस्सात प्रार्थना व्हावी अशी आपली इच्छा असते, त्यांची नावे कागदावर लिहून आपण वेदीजवळच्या पेटीत टाकतो. गेल्या वर्षी सणसरच्या आमच्या घरी आम्ही सख्खी-चुलत भावंडे असा कागद लिहायला बसलो होतो. आईवडिलांची नावे झाली, आजी-आजोबांची झाली आणि तिथे पेन थांबले. पणजोबांचे नाव आठवले, कारण ते आजोबांच्या नावापुढे लागते. पणजीचे नाव कशापुढेच लागत नाही. ते कोणालाही सांगता येईना!

त्याच बैठकीत दुसरा विषय निघाला. आजी-आजोबांचा १९७९ सालचा, त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षे झाली तेव्हाचा एक फोटो आहे. तो मोठा करून भिंतीवर लावावा आणि खाली ‘साठ वर्षांचा सुखी संसार’ अशी ओळ घालावी, असे ठरले. आजोबा १९९० मध्ये गेले, आजी १९९६ मध्ये. साठ हा आकडा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. घरात कोणाचे भांडण झाले की वडीलधारी माणसे म्हणत, ‘आजीकडे बघा. साठ वर्षे काढली, कधी आवाज चढला नाही.’ लग्नाची नेमकी तारीख आणि दोन्ही पणज्यांची नावे मिळतील, या हेतूने आम्ही आजोबांच्या मूळ धर्मग्रामात जाऊन लग्नाचे रजिस्टर पाहायचे ठरवले. आमचे आजोबा भवानीनगरच्या साखर कारखान्यात कामाला लागले म्हणून आम्ही सणसरचे झालो. आमचे मूळ गाव तेव्हाच्या नगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले.

जुन्या नोंदी शोधणे आपल्या भागाला आता नवीन राहिलेले नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्य सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. तेव्हापासून गावोगावच्या माणसांनी तहसील कचेरीतली दप्तरे, शाळांची जुनी जनरल रजिस्टरे, जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४ हे सारे धुंडाळले, मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. पण त्या नमुन्यात जन्म आहे, मृत्यू आहे, लग्न नाही. कोण जन्मले आणि कोण मेले, एवढेच त्या पुस्तकाला विचारायचे होते. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी दारोदार येऊन चोपडीतली वंशावळ वाचून दाखवतात. तिचा कणाही पुरुषांच्या नावांचाच. मुंबई राज्यात विवाहनोंदणीचा कायदा १९५३ मध्ये झाला, महाराष्ट्राचा आताचा कायदा १९९८ चा, आणि सर्व धर्मांच्या लोकांचे विवाह सक्तीने नोंदवा असे सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितले ते २००६ मध्ये.

ख्रिस्तसभेत मात्र लग्नाचे पुस्तक जुने आहे. १५६३ मध्ये ट्रेंट येथील धर्मपरिषदेने प्रत्येक धर्मगुरूला आज्ञा केली की त्याने एक पुस्तक ठेवावे, आणि त्यात वधूवरांची व साक्षीदारांची नावे, लग्नाचा दिवस आणि ठिकाण लिहावे. हे पूर्वजांच्या आठवणीसाठी केलेले नव्हते. त्या काळी युरोपात पुरुष गुपचूप लग्न लावत, पुढे त्या बायकोला टाकून दुसरीशी चारचौघांत लग्न करीत आणि पहिले झालेच नाही म्हणत. त्या टाकलेल्या बाईला पुरावा नसे. म्हणून धर्मगुरू, दोन साक्षीदार आणि पुस्तक. हे वाचल्यापासून आम्हाला त्या रजिस्टरांकडे पाहताना वेगळेच वाटते. कौतुकाच्या वह्या म्हणून आपण त्या उघडतो, पण त्यांचा जन्म अविश्वासातून झाला आहे.

ज्यांना आपल्या घरची नोंद शोधायची असेल त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. लग्न कुठे झाले हे ठाऊक नसेल तर स्नानसंस्काराच्या रजिस्टरपासून सुरुवात करावी. १९०८ च्या ईस्टरपासून असा नियम लागू आहे की लग्न कुठेही झाले तरी ते स्नानसंस्कार जिथे झाला त्या धर्मग्रामाला कळवावे आणि तिथल्या नोंदीच्या समासात लिहावे. त्या बारीक समासातल्या दोन शब्दांवरून पुढचे सारे सापडते. रजिस्टरे जुन्या मिशनरी फादरांच्या हातची, बहुधा लॅटिनमध्ये; नावेही लॅटिन वळणाची. शिवाय आपल्याकडे सासरी मुलीचे नाव बदलायची चाल, त्यामुळे एकच बाई दोन पुस्तकांत दोन नावांनी भेटते. ही रजिस्टरे धर्मगुरूंच्या ताब्यात असतात, त्यांत इतरांच्या घरच्याही नाजूक गोष्टी असतात. तेव्हा परवानगी घेऊन, आपल्यापुरतेच पाहावे. मोबाईलवर पानेच्या पाने टिपून आणू नयेत.

आम्हाला नोंद सापडली. मे १९२९. आजोबा २२ वर्षांचे, आजी १४ वर्षांची, दोघांचे अंगठे. दोन्ही पणज्यांची नावे होती. पाहून आनंद झाला. आणि आजोबांच्या नावापुढे एक लॅटिन शब्द होता, ‘विदुउस’. फादरांनी अर्थ सांगितला: विधुर.

आम्ही कोणीही हे कधी ऐकलेले नव्हते.

मग तीन पाने मागे गेलो. १९२६ मध्ये आजोबांचे पहिले लग्न. मृतांच्या रजिस्टरमध्ये १९२८ मध्ये त्या मुलीची नोंद, वय १७, आणि लगेच खालच्या ओळीत एका तान्ह्या बाळाची. त्या दोन ओळींपुढे काहीही लिहिलेले नाही. लिहायची गरजही नाही. आजीच्या स्नानसंस्काराची नोंदही मिळाली, १९२० सालची, ‘वय सुमारे चार’. हिशेब केला तर लग्नात ती १३ वर्षांची येते. १९१८ पासून लागू असलेल्या ख्रिस्तसभेच्या कायद्यात मुलीचे लग्नाचे वय कमीत कमी १४ होते. ‘सुमारे’ या शब्दाने एक वर्ष इकडचे तिकडे होऊ शकते हे खरे, पण १४ हा आकडा तिचे वय म्हणून लिहिला की नियम म्हणून, हे आज कोण सांगणार? त्याच वर्षाच्या सप्टेंबरात बालविवाह प्रतिबंधक कायदा मंजूर झाला, लोक ज्याला शारदा कायदा म्हणत, आणि १ एप्रिल १९३० पासून तो लागू झाला. त्यातही मुलीचे वय चौदाच होते. कायदा लागू होण्याआधी देशभर घाईघाईने लग्ने उरकली गेली. आमच्या आजीचे लग्न त्या घाईतले नव्हते. त्या काळाच्या नेहमीच्या चालीतले होते.

घरी परतल्यावर प्रश्न पडला तो फोटोखालच्या ओळीचा. साठ वर्षे खरी आहेत, एकसष्टच म्हणा. पण ती कशाची साठ वर्षे?

आपण सगळे म्हणतो की पूर्वीची लग्ने टिकत, आताची टिकत नाहीत. रजिस्टर चाळताना आमचा हा समज डळमळला. पानापानावर ‘विधुर’ आणि ‘विधवा’ हे शब्द आहेत. १९०१ ते १९११ या दशकात भारतातले सरासरी आयुर्मान सुमारे २३ वर्षे होते. त्यात बालमृत्यूंचा भाग मोठा हे मान्य केले, तरी प्लेग, पटकी, १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ आणि बाळंतपण यांतून नवराबायको दोघेही पन्नास वर्षे जगणे हीच दुर्मीळ गोष्ट होती. पूर्वीची बरीच लग्ने लवकर संपली. ती माणसांनी मोडली नाहीत, मरणाने मोडली. आज आपल्या धर्मग्रामात लग्नाची पन्नास वर्षे पूर्ण करणारी जोडपी दिसतात, याचे थोडे श्रेय डॉक्टरांना आणि नळाच्या पाण्यालाही द्यायला हवे. ही टीका नव्हे. पण जे औषधाने साधले ते आपण सद्गुणाच्या खात्यात जमा करू नये.

दुसरीही बाजू आहे. जी लग्ने लांबली, त्यांतली काही लांबली कारण बाहेर पडायला दारच नव्हते. भारतीय घटस्फोट कायदा १८६९ चा. त्यानुसार ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढे कारण पुरे होते. बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचारासोबत क्रूरता किंवा टाकून जाणे असे आणखी काही सिद्ध करावे लागे. नुसती मारहाण हे तिच्यासाठी कारणच नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये हा भेद घटनाबाह्य ठरवला आणि संसदेने २००१ मध्ये कायदा बदलला. म्हणजे आमच्या आजीचा अख्खा संसार जुन्या कायद्याखाली गेला. ख्रिस्तसभा विवाह अतूट मानते, पण जोडीदारापासून जिवाला वा आत्म्याला गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्याची मुभा तिचा कायदाही देतो. हे किती आज्यांना कोणी सांगितले असेल?

आकड्यामागे काय दडते याचे आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांना सर्वात जवळचे उदाहरण टिळक पती-पत्नीचे आहे. ते आपल्या पंथाचे नव्हते, पण ते सर्वांचेच आहेत. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचे लग्न १८८० मध्ये झाले, टिळक १९१९ मध्ये वारले. कोणत्याही वहीत याचा हिशेब ३९ वर्षे असाच लागेल. पण १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा ती बाई कोसळली, काही वर्षे नवऱ्यापासून दूर राहिली, मग आपल्या पायांनी परत आली आणि १९०० मध्ये स्वतः ख्रिस्ती झाली. हे सारे आपल्याला ठाऊक आहे ते तिने ‘स्मृतिचित्रे’ लिहिले म्हणून. त्या पुस्तकात नवऱ्याचा तऱ्हेवाईकपणा आहे, तिचा संताप आहे, पोट दुखेपर्यंत हसवणारे प्रसंग आहेत. ते वाचून कोणाला त्यांचा संसार कमी प्रतीचा वाटला, असे आम्ही ऐकलेले नाही.

आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून आमच्या सणसरला मुक्कामाला येते. त्या रात्री गावातले कोणतेच घर फक्त आपले राहत नाही. तिथेही पाहा: तुकोबांची बायको जिजाई लोकांच्या आठवणीत आहे ती डोंगरावर भाकरी घेऊन जाणारी आणि फटकळ बोलणारी म्हणून. तिचे तोंड लोकपरंपरेने झाकून टाकलेले नाही. आमच्या आजीचे मात्र आम्ही झाकले होते. ‘कधी आवाज चढला नाही,’ हे वाक्य कौतुकाचे होते की तिला गप्प बसवण्याचे, हा विचार आमच्या मनात कधी आलाच नाही.

शेवटी आम्ही आत्यांकडे गेलो. आत्यांचे वय ८५. रजिस्टरची हकीकत सांगितली तेव्हा त्या दचकल्या नाहीत. म्हणाल्या, “पहिलीचं मला माहीत होतं. आईनेच सांगितलं होतं, माझं लग्न ठरलं त्या रात्री.” मग हळूहळू बाकीचे निघाले. पहिले मूल गेल्यावर आजी माहेरी निघून गेली होती. महिना-पंधरा दिवस नव्हे, जवळजवळ तीन वर्षे. आजोबा हात उचलत का, असे आम्ही विचारले. आत्या बराच वेळ बोलल्या नाहीत. “तवा कोण नव्हतं उचलत,” एवढेच म्हणाल्या. आजीला परत कोणी आणले? “मामा आणून सोडून गेला. तिला कोण विचारतंय?”

आम्ही उठायला लागलो तेव्हा आत्यांनी स्वतःहून १९७९ ची गोष्ट सांगितली. पन्नास वर्षांच्या निमित्ताने फादरांनी घरीच मिस्सा केली आणि दोघांकडून लग्नाची वचने पुन्हा म्हणवून घेतली. आजोबांना कमी ऐकू येई. आजीने एकदा ‘हो’ म्हटले, त्यांना ऐकू गेले नाही; मग तिने इतक्या मोठ्याने म्हटले की अंगणातली पोरे हसली. रात्री भांडी घासताना ती आत्यांना म्हणाली, “पहिल्या वेळी मी नुसती मान हलवली होती. ह्या वेळी बोलले.”

ख्रिस्तसभेच्या शिकवणीनुसार विवाह घडतो तो दोघांच्या संमतीने. धर्मगुरू तो ‘लावत’ नाहीत, ते साक्षी असतात. संमती शब्दांनी द्यावी. बोलता येत नसेल तर खुणेनेही चालते. म्हणून १९२९ ची ती हललेली मान पुस्तकात संमती म्हणूनच आहे, आणि पुस्तक काही खोटे बोलत नाही. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या मान हलवण्याला किती वजन द्यायचे? हा प्रश्न आजच्या लोकांनी जुन्या लोकांना उगाच विचारलेला आहे, असे कोणी म्हणेल. तसे नाही. आपल्याच मुंबईत रखमाबाईने तो १८८४ पासून न्यायालयात उभा केला होता: अकराव्या वर्षी, मला न विचारता झालेल्या लग्नाने मी बांधली कशी जाते? १८८७ मध्ये न्यायालयाने तिला नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा असे सांगितले, तेव्हा तिने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. म्हणजे आमच्या आजीच्या लग्नाआधी चार दशके हा प्रश्न मराठी माणसांच्या कानावर पडलेला होता.

आमच्यात यावर दोन मते झाली, ती येथे प्रामाणिकपणे सांगतो. काहींचे म्हणणे, १९७९ च्या त्या ‘हो’ने सगळे भरून निघाले, पन्नास वर्षांनी का होईना, तिने स्वतः निवडले. इतरांना हे पटत नाही. तिने दिलेला होकार तिचा होता, तिच्या मोठ्या मनाचा होता. त्याने १९२९ मधले न विचारणे, नंतरचे हात उचलणे आणि मामाने आणून सोडणे योग्य ठरत नाही. तिच्या क्षमेची पावती आपण तिच्यावर अन्याय करणाऱ्यांच्या नावे फाडू नये. शिवाय तो ‘हो’ प्रेमाचा होता, सवयीचा होता, की पाहुण्यांसमोरचा, हे तिलाच ठाऊक. आम्ही दुसऱ्या मताच्या बाजूला झुकलो आहोत, पण आत्यांसमोर हा वाद पुन्हा काढायचे धाडस झालेले नाही.

हे सारे लिहायचे कारण केवळ इतिहास नव्हे. आपल्या वस्त्यांत एखादी लेक रडत माहेरी येते तेव्हा कोणीतरी हटकून म्हणतेच, ‘आपल्या आजीने साठ वर्षे काढली.’ आमच्या घरीही हे वाक्य म्हटले गेले आहे, एकदा तर फार चुकीच्या वेळी. आता आम्हाला माहीत आहे की ती आजीदेखील माहेरी निघून आली होती. तिचे उदाहरण द्यायचे तर ते पूर्ण द्यावे लागेल.

उलट बाजूने, सारे उघड करणे म्हणजे आजोबांची बदनामी, असे एका चुलत्याने बजावले. मृतांना उत्तर देता येत नाही हे त्यांचे म्हणणे आम्हालाही टोचते. ज्या आजोबांनी आम्हाला खांद्यावर बसवून कारखान्याची चिमणी दाखवली, वयाच्या सतराव्या वर्षी गेलेली बायको आणि बाळ ज्यांनी एकाच आठवड्यात पुरले, तेही हेच. पण नाताळच्या जागरणाच्या मिस्सात आपण मत्तयच्या शुभवर्तमानातली ती लांबलचक वंशावळ ऐकतो (आणि जांभया देतो!), तिच्यात तामार आहे, राहाब आहे, रूथ आहे, आणि उरियाची बायको तर ‘उरियाची’ म्हणूनच लिहिली आहे, म्हणजे दावीद राजाचे पाप नावासकट राहिले. प्रभूच्या घराण्याची यादी करताना जे झाकले नाही, ते आमच्या घराण्याने का झाकावे?

फोटो लागला. खाली फक्त दोघांची नावे आणि ‘१९२९–१९९०’ एवढेच आहे. ‘सुखी’ हा शब्द काढताना घरात थोडी कुरबूर झाली. आत्यांना विचारले तर त्या म्हणाल्या, “लिहायचं तर सगळं लिहा, न्हाईतर नुसती नावं लिहा.”

यंदाच्या नोव्हेंबरच्या कागदावर दोन्ही पणज्यांची नावे असतील. आजोबांच्या पहिल्या बायकोचेही असेल, आणि तिच्या नावाखाली ‘व बाळ’. तिचे माहेर कोणते ते अजून लागलेले नाही. रजिस्टरमधल्या त्या जागी पाणी लागून शाई पसरली आहे, पहिले अक्षर ‘को’ असावे असे वाटते. पाऊस उघडला की शेजारच्या धर्मग्रामाची स्नानसंस्काराची रजिस्टरे पाहायला आम्ही पुन्हा जाणार आहोत.